बसून बघा

माझी वहिनी कपड्यांच्या दुकानात आरशाशेजारी उभी राहायची. हीच तिची नोकरी. कपाटातून कपडे काढून द्यायला दुसऱ्या बायका होत्या, गल्ल्यावर मालकाचा मेहुणा होता. वहिनीचं काम एवढंच, की पडद्यामागून नवे कपडे घालून बाहेर आलेल्या बाईकडे बघायचं आणि खरं काय ते सांगायचं. खरं बोलण्यासाठी पगार देणारा मालक जगात एखादाच निघतो. तो आमच्या वाट्याला आला होता, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं.

गिऱ्हाइकं तिला बसूनबाई म्हणायची. बाई आरशासमोर उभी राहिली, पोट आत घेतलं, मान वर केली, की वहिनी मागून स्टूल सरकवायची आणि म्हणायची, "आता बसून बघा." बायका गोंधळायच्या. वहिनी समजावायची, "अहो, दिवसभर काय अशा श्वास रोखून उभ्या राहणार आहात का? कचेरीत बसाल, बसमध्ये बसाल, डॉक्टरकडे बाकावर बसाल. बसल्यावर सांगा, कुठे टोचतंय?" बाई बसायची. पोटावरची बटणं ताणायची, गुडघ्यावरचा झगा नको तेवढा वर जायचा, काखेत शिवण काचायची. मग तीच हसत आत जायची आणि एक माप मोठं मागायची.

तिचे असे बरेच कायदे होते. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसली पाहिजे. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा चुकला की तो कपडा दुसऱ्या कुणाचा. नवा कपडा घरातल्या जुन्या तीन कपड्यांबरोबर जुळत नसेल तर तो नुसता हट्ट. मुलाखतीला जाताना नवे बूट घालायचे नाहीत, पायाला लागलं की तोंडावर दिसतं. काळ्या रंगाने बाई बारीक दिसत नाही, फक्त दिसेनाशी होते. दिसेनासं व्हायचं असेल तर खुशाल घ्या. यावरून मालकाच्या मेहुण्याचं डोकं फिरायचं, कारण कितीतरी बायका काही न घेता परत जायच्या. पण त्याच बायका पुढच्या वेळी बहिणीला आणि शेजारणीला घेऊन यायच्या. मालकाला ते कळत होतं. त्याच्या मुलांना कळलं नाही.

वहिनीच्या पिशवीत एक छोटी कात्री आणि पिनांची डबी कायम. नव्या कोटाच्या मागे, खाली चीर असते तिथे, कारखान्यातून फुलीसारखा टाका घालून देतात, घडी मोडू नये म्हणून. तो घरी गेल्यावर उसवायचा असतो. निम्म्या बायकांना हे माहीत नसतं आणि त्या फुली तशीच मिरवत फिरतात. वहिनी रस्त्यात अनोळखी बाईला थांबवायची, "एक मिनिट हं," म्हणायची आणि मागे वाकून टाका कापायची. मी शरमेने दुसऱ्या फुटपाथवर जायची. तिला कितीदा सांगितलं, एखादी बाई पोलीस बोलावेल. ती म्हणायची, "चिमे, मला दिसतं ना ते. दिसल्यावर काय करू?"

चिमी म्हणजे मी. दारातून जरा तिरपी होऊन आत यावं लागतं मला, तरी नाव चिमीच राहिलं. मी तिची नणंद. लग्न झालं नाही. कुणी केलं नाही म्हणा किंवा माझ्या जिभेने होऊ दिलं नाही म्हणा. त्यात खुब्याचं हाड लहानपणापासून वाकडं, त्यामुळे उभं राहायची कामं मला जमत नाहीत. वहिनीच्या दुकानातले बाह्या-कंबरेचे कपडे घरी यायचे आणि मी खिडकीपाशी मशीनवर ते सारखे करून द्यायची. माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, वारल्यानंतरही आमच्या त्या दोन खोल्या चालल्या त्या अशा. ती आरशापाशी उभी, मी मशीनपाशी बसलेली, आणि तिची पोर नर्सिंगच्या कॉलेजात. कुणाचे उपकार नव्हते.

मग मालक गेला, मुलांनी दुकान विकलं आणि एकाच आठवड्यात आम्ही दोघी बिनकामाच्या झालो. वहिनी दुकानामागून दुकानं फिरली. सगळीकडे तरुण मुली हव्या होत्या. एका ठिकाणी तर सांगितलं, आमच्याकडे आरसाच बोलतो, पडद्यावर कपडा अंगावर घालून दाखवतो. वहिनीने घरी येऊन मला विचारलं, "तो आरसा बसायला सांगतो का ग?" मी हसले. ती हसली नाही.

तेवढ्यात माझ्या थोरल्या भावाचा, आमच्या दादाचा, निरोप आला. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली. त्याने लिहिलं नाही, फोनवरच सांगितलं, आणि मोठ्या आवाजात, म्हणजे मलाही ऐकू यावं अशा बेताने. "महिनाअखेरपर्यंत काही जमलं नाही तर खोल्या सोडा. तुम्ही मायलेकी इकडे या. घराला बाईमाणूस हवंच आहे. पोरीचं शिक्षण काय, पुढे बघू." वहिनीने विचारलं, "आणि चिमी?" दादा म्हणाला, "आमच्या हिचं आणि चिमीचं पटत नाही, तुला माहीत आहे. एकट्या बायकांचं वसतिगृह आहे, शिवणकाम देतात, खाट देतात. मी बोलून ठेवतो."

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. मी आयुष्यभर सगळ्यांना टोचून बोलले, पण संध्याकाळी ज्या घरी दिवा लागतो तिथेच बसून बोलले. आता ते घरच राहणार नव्हतं. पोर स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती आणि एकच पेला पुन्हा पुन्हा विसळत होती. दुसरं वर्ष चालू होतं तिचं.

आणि मग एक जागा निघाली. मोठ्या रस्त्यावर मजल्यांचं नवं दुकान उघडलं होतं, तिथे बायकांच्या कपड्यांच्या विभागात सल्ला द्यायला अनुभवी बाई हवी होती. जाहिरात पोरीने आणली. वहिनीने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "ही माझीच नोकरी आहे." मग कपाट उघडलं, आणि आमच्या लक्षात आलं, की जगाला काय घाला ते सांगणाऱ्या या बाईकडे घालायला काही नाही. कोपरावर रफू केलेले दोन शर्ट, एक करड्या रंगाची पँट आणि ते स्वेटर, ज्याच्याविषयी तिला स्वतःलाही काही बोलवत नव्हतं.

भावाचा लग्नातला कोट होता. गडद निळा, उत्तम लोकर, कापडी पिशवीत टांगून ठेवलेला. वहिनी म्हणाली, "खांदा नाही होणार, चिमे. पुरुषाचा खांदा आहे." मी म्हटलं, "तू आरशापाशी उभी राहा. मशीन माझं आहे." मी तो कोट अख्खा उसवला. बाह्या काढल्या, खांद्यातलं अस्तर काढलं, कापड पुन्हा बेतलं. जे करू नये असं ती बायकांना सांगत आली होती, तेच मी केलं. खुबा इतका दुखला, की खुर्चीवरून उठताना मशीनला धरावं लागायचं. शेवटची इस्त्री झाली आणि तिने तो अंगात घातला तेव्हा मी आधी खांदा बघितला. शिवण हाडावर बसली होती. तिने स्टूल ओढलं, बसली, उठली, पुन्हा बसली. मग म्हणाली, "कुठेच टोचत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही. पोरीने आम्हा दोघींना वेडं ठरवलं.

मुलाखतीला मी सोबत गेले. ती नको म्हणाली, पण तिला एकटं सोडलं तर वाटेत कुणाचे तरी टाके कापत बसेल, ही माझी भीती. आणि मी सोबत असूनही तेच झालं.

वरच्या मजल्यावर एक लांब खोली, भिंतीला लावून खुर्च्या, समोर एक बंद दार. आठ-दहा बायका बसलेल्या. वहिनीने एक नजर फिरवली आणि मी तिचा हात धरला. "नाही," मी म्हटलं. "काही करायचं नाही. या सगळ्या तुझ्या विरुद्ध आहेत." ती म्हणाली, "हो ग." पाच मिनिटं नीट बसली. मग समोरची एक बाई उठली, तिच्या कोटाच्या मागे फुली. वहिनी उठली. परत येताना वाटेत एकीची कॉलर सरळ केली, एकीला सांगितलं की स्कार्फ काढ, मान छान आहे तुझी. मी दात खाऊन बसले होते. त्या बायका आभार मानत होत्या आणि त्याच एका नोकरीवर डोळा ठेवून होत्या, दोन्ही एकदमच.

आणि मग ती मुलगी आली. पंचविशीची असेल. बसच्या दारात अडकून तिची बाही खांद्यापासून फाटली होती आणि छातीवर कुणाच्या तरी चहाचा मोठा डाग. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पिशवी छातीशी धरून रडायला लागली, आवाज न करता. वहिनी तिच्याकडे बघत राहिली. चेहरा नव्हती बघत. मला माहीत आहे ती काय बघत होती. ती खांदे बघत होती.

"वहिनी," मी म्हटलं.

"तिला बसेल तो," ती म्हणाली.

"तुला बसलाय तो. तुझ्यासाठी केलाय मी."

"माझा शर्ट फाटका नाही, चिमे. रफू केलेला आहे. चालून जाईल."

मी तिचा दंड पकडला, पण माझा खुबा असा, की ती उठली तर मला पटकन उठता येत नाही. तिने उभ्या उभ्या कोट काढला, मुलीला भिंतीपासून वळवलं, तिच्या अंगात घातला, तिन्ही बटणं लावली, डाग झाकला गेला. मग खुर्ची ओढून म्हणाली, "बसून बघ पोरी. कुठे टोचतंय?" मुलगी म्हणाली, कुठेच नाही. "काकू, मी लगेच परत देते, माझं झालं की." आणि तेवढ्यात दार उघडून वहिनीचंच नाव पुकारलं गेलं.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, केवढं मोठं मन. कसलं मोठं मन आलंय. मन मोठं असतं तर तिने आधी पोरीच्या फीचा विचार केला असता, माझा केला असता. ती सवय होती. फाटक्या कपड्यातली बाई समोर असताना तिला दुसरं काही दिसतच नाही. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला, की आठवला तरी कानशिलं तापतात.

आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. टेबलापलीकडे व्यवस्थापक बाई होती, चांगली होती, उर्मट नव्हती. तिने वहिनीचा अनुभव विचारला, मान डोलावली. मग तिची नजर कोपरावरच्या रफूवर गेली आणि तिथेच राहिली. ती म्हणाली, "बाई, तुम्हाला कामातलं कळतं, ते दिसतंय. पण इथे येणारी बाई आधी तुमच्याकडे बघते, मग आरशाकडे. तुम्ही स्वतः आज इतक्या महत्त्वाच्या दिवशी असं का आलात?" वहिनीने काही सांगितलं नाही. कोट दिला म्हटलं असतं तर त्या मुलीचं बिंग फुटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "चूक झाली." बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तिचं बरोबर आहे, चिमे. मीही तेच म्हणाले असते."

त्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. एक शिपाई येऊन म्हणाला, बाकीच्यांनी जायला हरकत नाही, तिला लगेच कामाची माहिती देताहेत, वरून दुसऱ्या जिन्याने नेलंय. आम्ही कोटाशिवाय घरी आलो. पोरीने दार उघडलं, आईच्या अंगाकडे बघितलं आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात मी वहिनीला ओढत त्या दुकानात घेऊन गेले. कोट तरी परत आणायचा, एवढं मी ठरवलं होतं. विकला असता तरी काही हाती आलं असतं, आणि नसता विकला तर माझ्या भावाचा कोट माझ्या घरात राहिला असता. मी मनात भाषण तयार केलं होतं. दुसऱ्या मजल्यावर, आरशाशेजारी, ती मुलगी उभी होती. अंगात निळा कोट. माझी शिवण तिच्या खांद्यावर अशी बसली होती, जणू मी तिचंच माप घेतलं होतं.

एक बाई पडद्यामागून पिवळा झगा घालून आली, पोट आत घेऊन. मुलगी म्हणाली, "खूपच सुंदर दिसतंय." झग्याचा खांदा दंडावर उतरला होता. मी वहिनीकडे बघितलं. तिचा हात पिशवीतल्या पिनांच्या डबीकडे गेला आणि तिने तो परत बाहेर काढला. एवढ्यात मुलीने आम्हाला पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. गिऱ्हाईक आत गेल्यावर ती आमच्याजवळ आली आणि घाईघाईने बटणं सोडू लागली. "काकू, मी येणारच होते. तुमचा पत्ता नव्हता माझ्याकडे. खरंच येणार होते."

कोटाच्या आत तोच शर्ट होता. बाही पिनेने खांद्याला अडकवलेली, डाग धुऊन फिका झालेला. दुसरा नव्हता तिच्याकडे, हे मलाही दिसलं. मी तरी म्हटलं, "दे." हात पुढे केला.

वहिनीने माझा हात खाली घेतला. तिने मुलीची बटणं पुन्हा लावली, खालून वर, एक एक. "राहू दे," ती म्हणाली. "पगार झाला की स्वतःचा घे. खांदा बघून घे. आणि त्या बाईला स्टूल दे. उभं राहून काही कळत नाही." मुलीने मान हलवली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तेवढ्यात व्यवस्थापक बाई तिकडून आली आणि आम्हाला म्हणाली, "काही हवंय का आपल्याला?" मुलगी आमच्याकडे न बघता सरळ उभी राहिली. वहिनी म्हणाली, "नाही, नुसतं बघत होतो."

जिन्यावर मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. पोरीचं नाव घेतलं, माझ्या खाटेचं नाव घेतलं, भावाचंही घेतलं. ती दोन पायऱ्या खाली होती. ती तिथेच खाली बसली, लोक येत-जात असताना, आणि कठड्याला डोकं टेकून म्हणाली, "मला हवा होता ग तो कोट. मला हवी होती ती नोकरी. मला कळतच नाही मी काय करून बसते." मग मीही तिच्याशेजारी बसले. मला बसायला वेळ लागतो, तेवढा वेळ ती थांबली. आम्ही दोघी तिथे रडलो, आणि एक बाई आमच्यावरून पिशव्या उचलून खाली गेली.

त्यानंतर काही झालं नाही. काही होईल म्हणून आम्ही वाट बघितली, आणि महिना संपला. पोरीने कॉलेजातून नाव कमी केलं. पुस्तकं मैत्रिणीला दिली. मशीन माझ्याबरोबर जाणार होतं, बाकीचं सामान दादाकडे.

जायच्या सकाळी पोर खाली सामानाच्या गाडीपाशी उभी होती. खोली रिकामी. मोठा आरसा भिंतीवरून काढून जमिनीवर टेकवून ठेवला होता, आणि समोर माझी पेटी. वहिनीने मला तयार केलं. मला स्वतःला कळत नाही असं नाही, पण ती म्हणाली, "नव्या ठिकाणी जायचंय, पहिल्यांदा बघतील तुला." तपकिरी झगा, तो मी तिच्याच सांगण्यावरून कधीतरी शिवला होता, आणि वर तिचं स्वेटर, जे कुणाला आवडत नव्हतं, पण उबदार होतं. तिथे गारठा असतो म्हणे. तिने माझे केस नीट केले. मग म्हणाली, "बसून बघ, चिमे."

मी पेटीवर बसले. आरसा इतका खाली होता, की त्यात मी बसलेलीच दिसत होते, आणि माझ्यामागे तिचे दोन हात.

"कुठे टोचतंय?" तिने विचारलं.

"कुठेच नाही."

"खरं सांग. मला खोटं चालत नाही."

"सगळीकडे," मी म्हटलं.

ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. आयुष्यभर ज्या बाईने टोचतंय म्हणून सांगितलं तिला तिने काहीतरी काढून दिलं होतं, मोठं माप, मऊ कापड, एक पिन. तिने माझ्या काखेतली शिवण चाचपली, कंबर चाचपली, मानेमागचं लेबल बघितलं. सगळं जागेवर होतं. खालून पोरीने हाक मारली, गाडी थांबत नाही म्हणून. वहिनीने पिनांची डबी उघडली, आत बघितलं, बंद केली, आणि माझ्या झग्याची कॉलर सरळ केली. ती आधीपासून सरळच होती.